कायमची ऑफ लागण्याआधी

मुंबई हायवर किंवा समुद्रातल्या कुठल्याही रिगवर, प्लॅटफॉर्मवर नोकरी करून तुम्ही येत्या वर्षा-दोन वर्षांत निवृत्त होणार असाल, तर हे तुमच्यासाठी लिहिलंय. घरच्यांनीही वाचावं. त्यांनी आधी वाचलं तर जास्त बरं.

मीही याच कामातून निवृत्त झालो. पनवेल-उरणकडे आमच्यासारखे पुष्कळ आहेत. सकाळी फिरायला निघालं की निम्मे चेहरे ओळखीचे भेटतात. काही जण मजेत आहेत. काही मात्र दोन-तीन वर्षांतच खचले. पैसा कमी पडला म्हणून नाही. घरी बसायचं कसं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

ऑफिसला जाणारा माणूस निवृत्त झाला की त्याचा दिवस बदलतो. तुम्ही निवृत्त झालात की तुमचं अख्खं घर बदलतं.

चौदा दिवस पाण्यावर, चौदा दिवस घरी. नोकरीभर हेच. म्हणजे निम्मा काळ तुम्ही घरात नव्हतात, आणि तरी घर अडलं नाही. मुलांचे ताप, दहावीचे निकाल, सासूबाईंचं दुखणं, सोसायटीतली भांडणं, सगळं वहिनींनी निभावलं. जुहूहून तुमचं हेलिकॉप्टर उडालं की कारभार त्यांच्या हातात जायचा. तुम्ही परत आलात तरी तो त्यांच्याच हातात राहायचा. तुम्ही घरचे लाडके पाहुणे होतात. तुम्ही येणार म्हणून त्या दिवशी ताटात सुरमई असायची.

आता हा पाहुणा मुक्कामाला येतोय. तेव्हा पहिली गोष्ट ही, की निदान सहा महिने घरात काही सुधारायला जाऊ नका.

हे मी उगाच म्हणत नाही. आमच्या ओळखीतल्या एका टेक्निशियनने निवृत्तीच्या पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना नंबर घातले. स्टोअरमध्ये घालतात तसे. मोहरी अ-३, हळद अ-४. यादी छापून फ्रिजवर चिकटवली. बायकोने एका दुपारी सगळी लेबलं खरवडून काढली आणि मग बरेच दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली. तो आजही म्हणतो की पद्धत बरोबर होती. असेलही. पण त्या बाईला अंधारातही हळदीचा डबा सापडत होता.

मग करायचं काय? हँडओव्हर घ्यायचा.

हे काम तुम्हाला येतं. रिगवर रिलीव्हर आला की तुम्ही त्याला चाव्या देऊन निघून येत नव्हतात. कुठला पंप आवाज करतोय, कुठलं परमिट उघडं आहे, कुठलं सामान सप्लाय बोटीवर अडकलंय, सगळं लिहून द्यायचात. आता वही घ्या आणि वहिनींसमोर बसा. या वेळी घेणारे तुम्ही आहात. वीजमीटर कुणाच्या नावावर आहे? आईची रक्तदाबाची गोळी सकाळची की रात्रीची? मावशी कुठल्या दिवशी येत नाहीत? लिफ्ट अडकली तर कुणाला फोन करायचा? कुणाच्या घरी लग्नाला किती आहेर केला होता? हे शेवटचं विसरू नका. त्यावरून घरं दुखावतात.

वही भरली की त्यातलं एक काम तुम्ही उचला. एकच, पण पूर्ण. भाजी म्हणाल तर निवडून, धुऊन, फ्रिजमध्ये ठेवेपर्यंत तुमची. अर्धवट मदतीने त्यांचं काम वाढतं.

वहिनी, तुमच्यासाठीही एक सांगणं आहे. इतकी वर्षं ऑफ फक्त यांना लागायची, तुम्हाला कधीच लागली नाही. आता वर्षातून दोनदा तुम्ही आठ-दहा दिवस माहेरी जा, बहिणीकडे जा, मैत्रिणींबरोबर कुठे फिरून या. घर यांच्यावर सोडा. पहिल्या दिवशी चार फोन येतील. दोन उचला.

आता जरा अवघड विषय.

रिगवर दारू चालत नाही. हेलिपॅडवर बॅगा तपासतात. त्यामुळे बऱ्याच जणांच्या डोक्यात ऑफ म्हणजे बसायचं हे गणित पक्कं झालेलं असतं. चौदा दिवस कोरडे, मग चौदा दिवस मित्र, मटण आणि बाटली. नोकरीत हे कसंबसं निभतं, कारण परत पाण्यावर जायचं असतं. जायची तारीख हाच लगाम असतो. निवृत्तीनंतर ती तारीख उरत नाही आणि रोजचा दिवस ऑफचा होतो. खचलेली माणसं म्हणालो ना, त्यातली निम्मी इथे घसरली. कुणी वाईट नव्हतं. कधी थांबायचं हे सांगणारी तारीख तेवढी गेली होती.

म्हणून निवृत्त व्हायच्या आधीच, शुद्धीत असताना, घरच्यांसमोर दिवस ठरवा. आठवड्यातून कधी आणि किती, ते बोलून टाका. ते पाळणं जमत नाही असं दिसलं, तर डॉक्टरकडे जा. त्यात लाज नाही.

झोपेचंही असंच. बारा-बारा तासांच्या पाळ्या, कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्री दोनला टक्क जाग येते. निवृत्तीनंतर काही महिने हे चालणारच. जाग आली तर दिवे लावून टीव्ही सुरू करू नका, घरातले बाकीचे झोपलेले असतात. सकाळी उन्हात चाला, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, संध्याकाळनंतर चहा सोडा. हळूहळू शरीर वळणावर येतं.

आणि कान. घरच्यांनी याकडे नीट लक्ष द्या.

जनरेटर, कॉम्प्रेसर, मड पंप यांच्या शेजारी आयुष्य काढलेल्या माणसाचे कान बहुतेक वेळा थोडे गेलेले असतात. सततचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की कानाला धोका असतो. रिगच्या इंजिनरूममध्ये तो त्याहून पुष्कळ जास्त असतो. इअर मफ सगळ्यांनी सगळा वेळ लावले असं कुणी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. अशा कानांना आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. पुरुषाचं जाड बोलणं कळतं, पण बायकोचं, नातवंडांचं निसटतं. ‘स’, ‘श’, ‘फ’ गळतात. पंगतीत, लग्नाच्या हॉलमध्ये तर काहीच लागत नाही.

मग घरात काय होतं? ती तीनदा हाक मारते. हे ओ देत नाहीत. तिला वाटतं, मुद्दाम दुर्लक्ष करतात. यांना वाटतं, ही पुटपुटतेच कशाला. टीव्हीचा आवाज वाढत जातो. नातू गोष्ट सांगायचा कंटाळा करतो. माणूस हळूहळू गप्प होतो आणि घरचे म्हणतात, निवृत्तीनंतर यांचा स्वभावच बदलला.

स्वभाव बदललेला नसतो. कान तपासा. ऑडिओमेट्री नावाची साधी तपासणी असते, सुई नाही, दुखणं नाही. आवाजाने गेलेलं ऐकणं परत येत नाही, पण यंत्राने पुष्कळ भागतं. ही तपासणी नोकरी सुटायच्या आधी करून घेतलीत तर कागद कंपनीच्या फायलीत लागेल आणि पुढे कामाला येईल. यंत्र लावायला लाजू नका. चष्मा लावताना कुठे लाजलात?

एक गोष्ट कानांहून खोल असते, तीही इथेच सांगतो. २७ जुलै २००५ ज्यांना आठवतो, त्यांना पुढचं सांगायला नको. आदल्या दिवशी मुंबई पाण्यात गेली होती. दुसऱ्या दिवशी एका जखमी स्वयंपाक्याला ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरून बॉम्बे हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर पोचवायच्या कामात जहाज प्लॅटफॉर्मच्या गॅस वाहणाऱ्या पाइपांवर आदळलं आणि आगीत प्लॅटफॉर्म गेला. २२ माणसं गेली. त्यातून वाचलेले, त्यांना बाहेर काढणारे, त्या दिवशी दुसऱ्या प्लॅटफॉर्मवरून ज्वाळा बघणारे, असे कितीतरी जण आज घरी आहेत. काहींना अजून कुकरच्या शिट्टीने दचकायला होतं. काही त्याबद्दल घरात एक अक्षर बोललेले नाहीत.

तुम्ही त्यांच्यातले असाल तर कुणाशी तरी बोला. जुन्या सोबत्याशी बोललात तरी चालेल. झोप उडत असेल, चिडचिड होत असेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी नंबरवर फोन करा. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. घरच्यांनी खोदून विचारू नये. चहाला शेजारी बसावं, एवढं पुरतं.

आता पैसा. आधी कायम नोकरीवाल्यांचं बघू.

निवृत्तीच्या दिवशी खात्यात एकदम एवढी रक्कम येते, की तेवढी तुम्ही जन्मात एका जागी पाहिलेली नसते. ती आल्याची बातमी तुमच्याआधी गावाला लागते. मेव्हणा प्लॉट घेऊन येतो. बँकेतला गोड बोलणारा मुलगा विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी घेऊन येतो. मुलाचा मित्र धंदा घेऊन येतो. सगळे वाईट नसतात, घाईत मात्र सगळेच असतात. तुम्ही घाई करू नका. तीन महिने रक्कम साध्या मुदत ठेवीत राहू द्या. कुणी फार मागे लागलं तर माझं नाव सांगा, एका म्हाताऱ्याने मनाई केलीय म्हणा.

मग दर महिन्याच्या खर्चाची सोय आधी करा. साठी पूर्ण झालेल्यांसाठी पोस्टात आणि बँकांत ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. एका माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, मुदत पाच वर्षांची, व्याज दर तीन महिन्यांनी हातात. वहिनींची साठी झाली असेल तर त्यांच्या नावाने वेगळं खातं निघतं. चैनीची योजना नाही ही, पण रात्री झोप लागते.

एका ठिकाणी मात्र जपा. बँक बुडाली तर एका बँकेतल्या तुमच्या ठेवींना व्याजासकट ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. सहकारी बँकांनाही ते आहे. पतसंस्थेला नाही. आपल्याकडे कोपऱ्या-कोपऱ्यावर पतसंस्था आहे, चेअरमन ओळखीचे असतात आणि व्याज दीड-दोन टक्के जास्त असतं. ओळखीला मान द्यायचाच असेल तर चहा प्यायला जा. आयुष्याची पुंजी तिथे ठेवू नका.

राहतं घर मुलांच्या नावावर बक्षीसपत्राने करून देऊ नका, मुलं कितीही गुणी असोत. द्यायचंच आहे तर मृत्युपत्रात द्या. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही. साध्या कागदावर लिहा आणि दोन साक्षीदारांसमोर सही करा. साक्षीदारांनीही तुमच्यासमोर सही करायची. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, पण केलीत तर नंतर भांडण कमी होतं. बँकेत नॉमिनी लावला म्हणजे मृत्युपत्र झालं, असं समजू नका. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो. ते कुणाचे, हे वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरतं.

आणि तो फसवणुकीचा व्हिडिओ कॉल. खाकी कपड्यातला माणूस म्हणतो, तुमच्या आधारवर गुन्हा आहे, कॅमेऱ्यासमोरून उठू नका, कुणाला सांगू नका. पोलीस, सीबीआय, ईडी, कुणीही फोनवर अटक करत नाही. असा कायदाच नाही. रिगवर गॅसचा अलार्म वाजला की आधी काम थांबवायचात, कारण नंतर शोधायचात. इथेही तेच करा. फोन ठेवा, मुलाला बोलवा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ला फोन करा. त्यात जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं कठीण.

हे झालं कायम नोकरीवाल्यांचं. पण पाण्यावर काम करणारे पुष्कळ लोक ठेकेदाराचे असतात. वेल्डर, रिगर, फिटर, रंगारी, गॅलीतले आचारी. त्यांना निवृत्तीचा समारंभ नसतो. एका दिवशी ठेका संपतो आणि पुढच्या वेळी बोलावणं येत नाही. तुम्ही त्यांच्यातले असाल तर हा भाग दोनदा वाचा.

तुमचा भविष्य निर्वाह निधी दर ठेकेदारागणिक वेगळ्या खात्यात पडला असेल. ती सगळी खाती तुमच्या एकाच बारा आकडी यूएएन नंबराखाली आणा. नावात, जन्मतारखेत आधारशी फरक असेल तर आजच दुरुस्तीला लागा. ठेकेदार कंपनी बंद पडल्यावर हे काम फार जड जातं.

याहून महत्त्वाचं आहे पेन्शन. निर्वाह निधीच्या पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. ठेका बदलला की पुष्कळ मुलं पेन्शनची रक्कमही काढून घेतात, मोटारसायकल येते, आणि वर्षं पुन्हा शून्यापासून मोजली जातात. काढू नका. जुनी नोकरी नव्याला जोडा, किंवा मध्ये खंड पडणार असेल तर स्कीम सर्टिफिकेट मागून ठेवा. त्यावर तुमची वर्षं जमा राहतात. दहा वर्षं भरली की अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन सुरू होते. रक्कम मोठी नसते. पण दर महिन्याला येते आणि तुमच्या पश्चात बायकोलाही मिळते.

आरोग्य विम्याचंही आधीच बघा. ठेकेदाराचा गटविमा नोकरी सुटली की संपतो. नवी पॉलिसी घेताना जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून पन्नाशी ओलांडायच्या आत घरच्यांची स्वतःची पॉलिसी काढा, महाग वाटली तरी. सत्तरी झालेल्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. घरात असे आई-वडील असतील तर त्यांचं कार्ड काढून आणा. हे काम निवृत्त माणसाने आनंदाने करावं असंच आहे.

पैशाचं एवढं मार्गी लागलं की उरतो दिवस. तो मोठा असतो.

काही जण म्हणतात, झालं, आता देवदर्शन आणि नातवंडं. उत्तम. पण तुमच्या हातात एक विद्या आहे, जी शेजारपाजारच्यांकडे नाही. धोका दिसायच्या आधी ओळखायचा, हे तुम्ही शिकलात. हेलिकॉप्टर पाण्यात उलटं पडलं तर बाहेर कसं यायचं, याचंही तुम्ही प्रशिक्षण घेतलंय. ती विद्या घरात वापरा.

स्वयंपाकघरापासून सुरुवात करा. गॅसची केशरी नळी हातात घ्या. तिच्यावर तारीख छापलेली असते. पाच वर्षं झाली असतील तर बदला, दिसायला चांगली असली तरी. मग सिलिंडर बघा. वरच्या कड्याला आधार देणाऱ्या पट्ट्यांवर आतल्या बाजूने एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबरपर्यंत, डी डिसेंबरपर्यंत, आणि आकडे वर्षाचे. सी-२७ असेल तर सप्टेंबर २०२७ पर्यंत ठीक. तारीख उलटलेली टाकी घेऊ नका, डिलिव्हरीवाल्याच्या हातीच परत पाठवा. गळतीसाठी १९०६ हा नंबर आहे. तो ओट्याजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. हे लेबल लावलंत तर कुणी खरवडणार नाही.

मग सोसायटीत उतरा. जिन्यातल्या आग विझवायच्या नळकांड्यांचे काटे हिरव्या पट्ट्यात आहेत का? की गेल्या कित्येक वर्षांत कुणी हातच लावला नाही? जिन्यात सायकली आणि जुनी कपाटं आहेत का? वर्षातून एकदा सगळ्यांना खाली उतरवून मस्टर, म्हणजे हजेरी, घ्या. पहिल्या वर्षी लोक हसतील. पोरांना मात्र मजा येते, त्यांना हाताशी धरा. आजीला कोण आणणार, हे पोरंच ठरवतात.

आपण काय काम केलं, तेही मुलांना सांगा. घरच्यांना ते धड माहीत नसतं. ‘बाबा समुद्रात असतात’ एवढंच.

एक रुपयाची नोट मिळाली तर नातवाला दाखवा. तिच्या मागच्या बाजूला रिगचं चित्र आहे. ती ‘सागर सम्राट’. जपानमध्ये बांधलेली, समुद्राच्या तळावर पाय रोवून उभी राहणारी. त्याला सांगा की पाण्याखाली तेल आहे का, हे आधी बोटीवरून शोधतात. पाण्यात मोठा आवाज सोडतात, तो खालच्या खडकांच्या थरांवर आपटून परत येतो, आणि परत यायला लागलेल्या वेळावरून खालचा नकाशा काढतात. साठच्या दशकात आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या समुद्रात सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीने हे काम झालं. नकाशावर एक फुगवटा दिसला. पण तेल आहे की नुसतं पाणी, ते भोक पाडल्याशिवाय कळत नाही. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, पंच्याहत्तर मीटरच्या आसपास खोल पाण्यात सागर सम्राटने ते भोक पाडलं. १९७४ च्या फेब्रुवारीत चुनखडीच्या थरात तेल लागलं आणि १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झालं. त्याच्या थोडंच आधी, १९७३ साली, जगात तेलाचे भाव भडकले होते. त्या वेळी आपल्या समुद्रात तेल सापडणं ही केवढी गोष्ट होती, हे घरातल्या आजीला विचारायला सांगा. तिला रॉकेलची रांग आठवत असेल.

यापुढची गोष्ट तुमची आहे आणि ती तुम्हीच लिहायची. पावसाळ्यात क्रेनच्या टोपलीतून बोटीवरून वर जाताना काय वाटायचं? डेरिकवर पाइप धरणाऱ्याचे हात कसे असायचे? गणपतीत प्लॅटफॉर्मवर आरती कशी व्हायची, मोदक कोण वळायचं? रोज एक पान पुरे. शुद्धलेखन मुलगी बघेल. लिहायचा कंटाळा असेल तर फोनवर बोलून ठेवा. जवळच्या शाळेत, आयटीआयमध्ये कुणी बोलावलं तर जा. सेफ्टी शूज आणि हेल्मेट बरोबर न्या. भाषणापेक्षा पोरांना ती हातात घेऊन बघायची असतात.

शेवटचं एक काम आहे. तुम्ही मागितलं नाहीत तरी ते तुमच्याकडे येणारच.

गावाकडून कुणीतरी मुलाला घेऊन येईल. आयटीआय झालाय, रिगवर चिकटवा म्हणेल. नाहीतर सांगेल की एजंटने ऑफर लेटर दिलंय, ऐंशी हजार मागतोय, भरू का? इथे तुमच्या शब्दाला वजन आहे, म्हणून जपून बोला. आपल्या ओळखीने होईल, असं म्हणू नका. तुमच्या नावावर दुसराच कुणीतरी पैसे उकळतो. सरकारी तेल कंपन्यांची भरती जाहीरपणे होते. ऑफर लेटरसाठी, मेडिकलसाठी, ‘अनामत’ म्हणून कुणाच्या खात्यात पैसे मागितले, तर तो फसवतोय, एवढं स्पष्ट सांगा. परदेशातली नोकरी असेल तर एजंटचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर शोधून द्या. नोंदणी असलेल्या एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढंच घेता येतं. व्हिजिट व्हिसावर पाठवतो, तिकडे गेल्यावर बदलून देतो, असं म्हणाला तर तिथेच उठा.

नोकरी खरी निघाली तरी मुलाला नुसता आशीर्वाद देऊन सोडू नका. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात पी-३०५ बार्ज बुडालं. सत्तरहून अधिक माणसं गेली. ठेकेदारामार्फत कामाला गेलेली माणसं होती ती. मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना समोर बसवा आणि विचारा. ठेकेदाराचं पूर्ण नाव आणि पत्ता घरी लिहून ठेवलाय का? निर्वाह निधी कापणार आहेत का? नॉमिनी म्हणून कुणाचं नाव घातलंय? पोहता येतं का? समुद्रात जायच्या आधीचं सुरक्षेचं प्रशिक्षण खरंच झालंय, की नुसतं सर्टिफिकेट हातात दिलंय? वादळाचा इशारा आला तर बार्ज बंदरात आणायचं कोण ठरवतो, हे त्याने विचारलंय का?

त्याला सांगा, बोटीवर पाऊल टाकल्यावर बॅग खाली ठेवायच्या आधी लाइफ जॅकेट कुठे आहे ते बघ. ते अंगावर चढवून बघ, पट्टा तुटका असेल तर बदलून माग. तुझी मस्टरची जागा कुठली आणि लाइफबोट कुठली, ते अंधारात चालत जाऊन ये. पटत नसेल ते काम थांबवायचा हक्क तुलाही आहे, मुकादम कितीही ओरडला तरी. तुमचा फोन नंबर त्याला द्या आणि रात्रीही फोन कर म्हणा.

मग जाऊ द्या त्याला. काम कष्टाचं आहे, पण चांगलं आहे. शिकायला मिळतं, पैसेही बरे मिळतात. पहिल्या ऑफला घरी आला की जेवायला बोलवा आणि जॅकेटचा पट्टा बदलून मिळाला का, ते विचारा.